कौतिकाबाईंचा सल्ला

मंगळवार, कोपरगाव

आज ऊसतोड बायकांच्या आजारपणाचे फॉर्म भरायला तळावर गेले. पहिली कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, कौतिकाबाईंची. त्या स्वतः ऊस तोडतात, आणि आमच्या या अभ्यासाच्या सल्लागारही आहेत. मागच्या बैठकीत त्यांनी एकच गोष्ट सांगितली होती, "ताई, मुकादम जवळ बसला की बाया 'काय तरास न्हाई' म्हणत्यात. असं म्हणल्या की पेन थांबवा. त्यो गेल्यावर या." आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. इतिवृत्तात ते मीच लिहिलं. खाली रेघसुद्धा मारली.

आज तिसऱ्याच प्रश्नाला टोळीचा मुकादम येऊन बाजेवर बसला. उठावं असं वाटलं, नाही असं नाही. पण जीप पाचला निघणार होती, आणि अजून चार कोप्या... काय ही कारणं! जीप सोडता आली नसती का?

"कंबर दुखते?" मी विचारलं. दुखते, मला माहीत आहे. बैठकीतून त्या भिंतीला धरून उठल्या होत्या.

कौतिकाबाई माझ्याकडे नाही, पेनाकडे बघत होत्या.

"काय तरास न्हाई."

पेन थांबलं नाही. 'त्रास नाही' लिहून मी पान उलटलं. पुढच्या प्रत्येक प्रश्नाला त्यांनी, माझं विचारून व्हायच्या आधीच, तेच उत्तर दिलं.