गच्चीची किल्ली

मुलुंड पूर्व,
६ जानेवारी २०२५

चि. मुकुल यास अनेक आशीर्वाद,

वि. वि. आपल्या सोसायटीने माझं आकाश जप्त केलं आहे. गच्चीला कुलूप, किल्ली सेक्रेटरी शिवदासरावांच्या कमरेला. ती हवी तर अर्ज. अर्जात 'कारण' असा रकाना. मी 'आकाश पाहणे' लिहिलं. कारण अपुरं म्हणून अर्ज परत. पापड वाळवायला मात्र परवानगी आहे.

तुझ्या हवाई कसरतींचा व्हिडिओ पाहिला. विमान उलटं, मग शेपटीवर उभं. टाळ्या पडल्या. पण पुढच्या महिन्यात तू सीमेवरच्या तुकडीत जाणार. तिथे समोरचा टाळ्या वाजवायला येत नाही. आपल्या गच्चीवर फार गिरक्या घेणारा पतंग आधी कापला जायचा, आठवतं? तर तिथे या कोलांट्यांचा उपयोग काय, ते पत्रानेच कळव. फोनवर विचारलं की तू 'जेवलात का?' विचारतोस.

तुझी आई गेल्यापासून कुकरला एकच भांडं लागतं. बाकी ठीक. इकडचा लोभ आहेच, तिकडचाही असू दे.

बाबा


१४ जानेवारी

ती. बाबांस सा. न.

तुमचं पतंगाचं बरोबर आहे. खऱ्या लढाईत अशी कोलांटी घेतली तर वेग जातो, उंची जाते, आपण आयतं लक्ष्य होतो. हल्ली तर समोरचा दिसायच्या आधीच क्षेपणास्त्र सुटतं. पण विमान उलटं झालं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी डोकं शांत ठेवायची सवय होते. विमान कुठवर ऐकेल, कुठे रुसेल, ते हाताला कळतं. शेजारी चिकटून उडणाऱ्यावर विसंबता येतं. उपयोग एवढाच. तो पुरेल का, मला माहीत नाही.

२५ तारखेला, शनिवारी, माझा शेवटचा कार्यक्रम. सकाळी सव्वाअकराला समुद्राकडे जाताना आम्ही मुलुंडवरून जाऊ. डावीकडून दुसरं विमान माझं. पंख हलवायची परवानगी नाही, रागावू नका. संरक्षण प्रबोधिनीला निघालो त्या दिवशी गॅस सिलेंडर यायचाय म्हणून तुम्ही स्टेशनवर आला नाहीत. आईने एकटीने हात हलवला. मीही रागावलो नव्हतो.

जेवलात का? लोभ वाढता ठेवा.

मुकुल


२५ जानेवारी

चि. मुकुल यास आशीर्वाद,

सिलेंडर आदल्या दिवशीच आला होता. तुझ्या आईला ठाऊक होतं. कधी बोलली नाही.

शिवदासरावांना नवा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात 'राहिलेला निरोप देणे' लिहिलं. त्यांनी दोनदा वाचलं, किल्ली काढून दिली. सोबत यायला निघाले होते, ते जिन्यातच थांबले.

तुम्ही आलात आणि गेलात, पाच-सहा सेकंद. मी तुमच्याकडे तोंड करून उभा. डावीकडून म्हणजे तुझ्या डावीकडून की माझ्या, हे पत्रात नव्हतं. म्हणून सगळ्यांनाच हात हलवला.

तुम्ही दिसेनासे झाल्यावरही थोडा वेळ हलवत राहिलो. तो त्या दिवशीचा.

किल्ली परत केली. जेवलो.

बाबा