पुरे म्हणजे पुरेल

१ मार्च, रविवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. वाचणार कोणी नाही, त्यामुळे खोटं लिहायचं कारण नाही.

वस्तीच्या सामायिक बागेत आम्हाला अकरा नंबरचा वाफा मिळाला. उद्देश एकच, बाबा. डिसेंबरमध्ये त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. शब्द एकच उरला, "पुरे". ताई म्हणते, तीन महिने बघते, फरक पडला नाही तर बाबांना माझ्याकडे घेऊन जाते. तिच्याकडे तळमजला आहे, भावजी घरीच असतात, वगैरे वगैरे. पण बाबा मुलाकडेच राहणार. हा हट्ट नाही, तत्त्व आहे. आणि मी आता रिटायर्ड, वेळच वेळ.

मातीत हात घातला की हात चालेल. हात चालला की जीभ चालेल. मेअखेर ताईला जेवायला बोलवायचं, भाजी आपल्या वाफ्यातली. फाइल केली. वर लेबलही लावलं.

४ मार्च
बाबांना व्हीलचेअरमध्ये वाफ्याच्या कडेला बसवलं आणि पुस्तकातलं मशागतीचं प्रकरण मोठ्याने वाचून दाखवलं. बाबा एकतीस वर्षं सरकारी बागेत माळी होते, त्यामुळे विषयाची थोडीफार ओळख आहे. शास्त्रीय बैठक नाही.

बी टाकताना बाबा म्हणाले, "पुरे." क्षणभर कळेना. मग डोक्यात प्रकाश पडला. पूर! बी खोल पूर म्हणतायत! वीतभर खोल पुरलं. बाबा पुन्हा तेच म्हणाले, जरा जोरात. आणखी चार बोटं खाली घातलं. बापलेकाची भाषा ही अशी असते.

२० मार्च
एकही कोंब नाही. बियाणं भेसळीचं. दुकानदाराला कडक पत्र लिहायचं ठरवलं.

तयार रोपंच आणली. बारा वांगी, बारा टोमॅटो, सहा मिरच्या. सकाळ-संध्याकाळ पाण्याने वाफा काठोकाठ भरतो. बाबा एकसारखे "पुरे, पुरे" म्हणतात. म्हणजे पुरेल. आम्हा तिघांना पुरेल! मी म्हटलं, बाबा, पुरून उरेल. त्यांनी डोळे मिटून घेतले. समाधान.

२ एप्रिल
ही म्हणाली, बाबांच्या कपाळाची सालं निघतायत, दोन-दोन तास उन्हात बसवू नका. ऊन हेच औषध आहे, हे तिला कोण सांगणार? टोपी विसरतो हे मात्र कबूल. उद्यापासून टोपी.

बारा नंबरच्या वाफ्यावर एक शिंपीणबाई असतात. बागकामाचं एक पुस्तक वाचलेलं नाही. सारख्या बाबांच्या खुर्चीशी येतात, रोप धरून विचारतात, हे ठेवू का उपटू. बाबा मान हलवतात. त्यांच्या वाफ्यावर शेंगा लोंबतायत. एकेकाचं नशीब.

११ एप्रिल
टोमॅटो आडवे. मिरच्या पिवळ्या. शिंपीणबाई म्हणतात मुळं कुजली. सल्ला मागितला नव्हता. वांग्यांतली अकरा गेली.

पण बारावं! काय तब्येत! मी कोपऱ्यात लावल्याचं आठवत नाही, पण बहुतेक लावलं असणार. पानं पंज्याएवढी. बाबा डाव्या हाताने सारखी त्याच्यावर काठी उगारतात. कालपर्यंत काठी धरवत नव्हती! लाडकं रोप बरोबर ओळखलं. प्रोग्रेस.

टोपी राहिली.

२६ एप्रिल
आज बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मातीचं नातं असं असतं.

हिचं मत वेगळं. म्हणे, ज्या माणसाने जन्मभर झाडं जगवली त्याच्या डोळ्यांदेखत तुम्ही रोज झाडं मारताय, रडतील नाहीतर काय करतील? मी दोन तास अबोला धरला. तिच्या लक्षातच आलं नाही.

व्यायाम करून घ्यायला बाई येतात साडेदहाला, वाफ्याची वेळ अकराची. क्लॅश. बाईंना बंद केलं. बाग हाच व्यायाम.

९ मे
वांग्याला फूल आलं. पांढरं, लांबट, कर्ण्यासारखं. पुस्तकात जांभळं म्हटलंय. पुस्तक जुनं आहे.

२३ मे
फळ धरलं! हिरवं, गोल, आणि अंगभर काटे. काटेरी वांगी! बाजारात यांच्यावर उड्या पडतात. लगेच ताईला फोन केला, एकतीसला जेवायला ये. बाबांची तब्येत विचारली तिने. म्हटलं, येऊन बघच.

बाबांचं जेवण कमी झालंय, पाय सुजलेत. उन्हाळ्यात होतं असं.

३१ मे, रविवार. दुपारी
लिहावंसं वाटत नाही, पण नियम म्हणजे नियम.

सगळे वाफ्यावर गेलो. मी सगळ्यांत मोठं फळ तोडून बाबांच्या डाव्या हातात दिलं, त्यांनी ते ताईला द्यावं म्हणून. बाबांनी ते भिरकावलं. चांगलं तीन वाफे पलीकडे. आणि "पुरे! पुरे!" असे ओरडले की सगळी बाग वळून बघायला लागली.

शिंपीणबाई धावत आल्या. म्हणाल्या, अहो, हा धोत्रा आहे! दीड महिना आजोबा त्याच्यावर काठी मारतायत, दिसत नाही तुम्हाला? भाजी केली असतीत तर घरातलं एक माणूस उरलं नसतं. मी म्हणालो, पण काटेरी आहे. त्या म्हणाल्या, वांग्याच्या देठाला काटे असतात हो, अंगाला नाही.

घरी आल्यावर ताईने बाबांना कुशीवर वळवून पाठ बघितली. बसून बसून कमरेखाली जखम झालीय, रुपयाएवढी. ही म्हणाली, मी यांना दोनदा सांगितलं. सांगितलं असेल. मग हीच म्हणाली, पुरे म्हणजे पुरे, तीन महिने ते दुसरं काही म्हणतच नाहीयेत.

ताई पुढच्या रविवारी गाडी घेऊन येणार. मी म्हटलं, आधी बाबांना विचार. ते हे घर सोडून हलणार नाहीत.

७ जून, रविवार. सकाळी ८
ताई दहाला येणार. सात वाजता बाबांच्या खोलीत गेलो, त्यांना समजवायला. सहा मुद्दे कागदावर काढले होते.

बाबा पलंगाच्या कडेला बसले होते. धुतलेला सदरा, सगळी बटणं लावलेली, त्यातलं एक चुकीच्या काजात. पायांत चपला. भांग पाडलेला. मांडीवर औषधांची पिशवी. मी हिला हाक मारून विचारलं, तू तयार केलंस का यांना? ती म्हणाली, मी आत्ता उठतेय.

म्हणजे एका हाताने, एकट्याने. पहाटेपासून लागले असतील. मला आधी आनंदच झाला. हात चालला! ज्याच्यासाठी तीन महिने खपलो तो रिझल्ट समोर! मी हिला म्हटलं, बघ, बघ. तिने बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं की ते कुठे जायला तयार होऊन बसलेत.

मुद्द्यांचा कागद खिशात घातला. फार लागलं मनाला. आपल्या बापाला आपल्या घरातून निघायची एवढी घाई असावी.

ते चुकलेलं बटण तरी नीट लावून द्यावं म्हणून हात पुढे केला. बाबांनी सदरा मुठीत घट्ट धरला आणि सोडला नाही.

आठ वाजलेत. ताई यायला अजून दोन तास आहेत. बाबा दाराकडे तोंड करून बसलेत.