परीक्षेला न्यायचं माणूस

बेळगाव,
फेब्रुवारी १९४१

प्रिय अव्वा,

शेंगांची चटणी पोचली. निम्मी मैत्रिणींनीच उडवली, पण माझीही कुठं खायची वासना आहे म्हणा. तंबोरा जुळवायला घेते आणि अर्धवट ठेवून खिडकीशी जाते. या पत्राचेही दोन कागद फाडून झाले. खानावळीच्या बाळाबाई काल म्हणाल्या, "पोरी, परीक्षा हाय का लगीन हाय गं?" दोन्ही आहे, हे त्यांना कसं सांगू?

आप्पा शब्दाचे पक्के. "यंदा पास झालीस तर मास्तरीण हो, न्हाईतर चिकोडीचं स्थळ हाय," असं त्यांनी सांगूनच मला पाठवलं. मुलींच्या शाळेत गाण्याच्या बाईंची जागा मोकळी आहे आणि हेडबाई माझ्या निकालासाठी थांबल्या आहेत. मला ती जागा हवी आहे, अव्वा. चिकोडीचा मुलगा वाईट नसेलही, पण मला ती जागा हवी आहे.

परीक्षेचं म्हणशील तर राग गाऊन दाखवायचे, ऐकलेली चीज स्वरलिपीत उतरवायची, तालांचा पेपर लिहायचा. त्यात मी कुणाला हार जाणार नाही, फुशारकी म्हण हवं तर. घोडं अडतं ते शेवटच्या भागाशी. कधीच गाणं न शिकलेलं एक माणूस सोबत न्यायचं आणि परीक्षकांसमोर त्याला एक सरगम शिकवायची. मागच्या वर्षी मी नापास झाले ती यातच. आप्पांना नुसतं "थोडक्यात गेलं" एवढंच कळवलं होतं.

तेव्हा घरमालकिणीची भाची, जयाबाई, हिला नेलं होतं. भूपाची साधी सरगम. माझा गळा उंच, तंबोरा माझ्याच सुरात लावलेला. ती बिचारी ताणून ताणून गायली, वरच्या षड्जाला तिचा आवाज फाटला आणि तोंडाला पदर लावून ती खालीच बसली. मला तिचाच राग आला होता. परीक्षक मात्र शांतपणे म्हणाले, "बाई, ही तुमची पट्टी झाली. यांची कुठली, ते विचारलंत का?"

वर्षभर तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही, आणि तो आठवला की मला निपाणीची जैन बस्ती दिसते, देवासमोर बसलेल्या बायका दिसतात. कमलाकाकू पूजेचं गाणं उचलायच्या ते टिपेच्या सुरात, आणि साऱ्या बायका त्यांच्यामागं. मी तुझ्या मांडीला टेकून बसायचे, म्हणून मला ठाऊक आहे, तुझे नुसते ओठ हलायचे. एकदा तू आवाज काढलास तर काकू म्हणाल्या होत्या, "तू गप गं, बाप्यावाणी घसा हाय तुझा." सगळ्या हसल्या, तूही हसलीस. घरी जात्यावर मात्र तू खालच्या सुरात अशी गायचीस की मी झोपल्याचं सोंग घेऊन ऐकत राहायचे. उंबऱ्याशी कुणाचं पाऊल वाजलं की तू खोकल्यासारखं करून गप्प व्हायचीस. अव्वा, तू बेसूर नाहीस, कधीच नव्हतीस. तुझा सूर खालचा आहे आणि बस्तीत तो कुणी धरलाच नाही.

आता जे लिहायचं म्हणून दोन कागद फाडले, ते लिहिते. यंदा परीक्षेला न्यायचं माणूस तू आहेस. हेडबाईंकरवी परीक्षकांना विचारलं, आई चालते. बाकीच्या जणी गल्लीतल्या पोरी आणतील, मला तू हवीस. पास होण्यासाठी हवीस, ते खोटं कशाला सांगू. पण चार माणसांत तुझा आवाज मला एकदा ऐकायचाय, हेही तितकंच खरं. तू नुसतं तोंड उघड. तुझा सूर जिथं लागेल तिथं मी तंबोरा उतरवीन. दिवस मावळायच्या आत तुझं जेवण होईल, बाळाबाईंना तसं सांगून ठेवलंय. आप्पांना काय सांगायचं ते तू ठरव. येणार नसशील तर तसं कळवू नकोस. शनिवारी निपाणीच्या मोटारीकडं मी येऊन उभी राहणार आहे.

तुझीच,
राजमती