पुस्तक आधी, सिनेमा नंतर

४ मार्च, मंगळवार

आला शेवटी तो सिनेमा! थोरला सकाळीच खालून पेपर घेऊन आला आणि माझ्या नाकासमोर धरला - ‘ढगदुरुस्तीचं दुकान’, भव्य पडद्यावर, वगैरे वगैरे. चाळिशी उलटलेला बाप्या, पण चेहरा शाळेला अचानक सुट्टी मिळाल्यासारखा. आई, घुबडमास्तर बघ कसा केलाय! बघितला. टाय घातलाय त्याला. पुस्तकातला घुबडमास्तर दिवसभर फाटके ढग शिवतो. मुलाखतीला जात नाही.

ठिणगी मागोमाग आलीच. थोरल्याची मुलगी, इयत्ता तिसरी, नावाप्रमाणे. कधी जायचं, उद्या जाऊ या का, म्हणून माझ्याभोवती फिरायला लागली. मी घरचा नियम सांगितला - पुस्तक आधी, सिनेमा नंतर. नियम माझा, मुलांच्या लहानपणापासूनचा, कोणासाठी मोडलेला नाही. पुस्तक आजोबांकडे चालू आहे, ते संपलं की जायचं. पोरगी कुरकुरली नाही. आश्चर्य आहे.

६ मार्च, गुरुवार

औषधांचं दुकान बंद करून आले तेव्हा वाचन चालू होतं. मी पुढच्या खोलीत जात नाही. मी दिसले की हे थांबतात.

झटका आला त्याला वर्ष होत आलं. हात सुधारला, पाय सुधारला, वाचा अडकली ती अडकलीच. शब्द ओठापर्यंत येतो आणि तिथून परत जातो. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात थेरपीवाली मुलगी बसते, तिच्याकडे आठवड्यातून दोनदा आपले आपण चालत जातात. मला दुकानामुळे जमत नाही. घरी मोठ्यानं वाचा, असं तिनंच सांगितलं. माझ्यासमोर वाचेनात! मग मीच ठिणगीला समोर बसवलं आणि हातात हे जुनं पुस्तक दिलं. औषध म्हणून. रोज संध्याकाळी, चहानंतर.

आमच्या दोन्ही मुलांना ह्यांनीच ते वाचून दाखवलेलं. जन्म वीजकेंद्रात गेला, बोलणं कामापुरतं. पण ते पुस्तक उघडलं की घरात माणसं मावायची नाहीत. शिडी चढून वर गेलेली मुलगी वेगळी, रुसलेले ढग वेगळे. आणि घुबडमास्तरासाठी हनुवटी आत ओढून असा काही आवाज काढायचे की धाकटी घाबरून माझ्या मांडीवर यायची आणि तिथून म्हणायची, बाबा, परत!

आता अर्धं पान. एक ओळ, मग थांबणं, मग परत तीच ओळ. ठिणगी चाळवाचाळव न करता ऐकते. एरवी ही मुलगी एका जागी बसली तर मी ताप बघते. अर्ध्या पानाला हे पुस्तक मिटतात आणि म्हणतात, उद्या. तेवढा शब्द स्वच्छ येतो.

११ मार्च, मंगळवार

थोरल्याची बदली झाली. लांब. ठिणगीची परीक्षा संपली की खालचं बिऱ्हाड हलणार. सुनेनं दुकानातून औषधांची रिकामी खोकी मागितली, मी पाठवून दिली.

ह्यांना सांगितलं. मान हलवली. मग गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी शाल नेऊन दिली.

१३ मार्च, गुरुवार

आज फक्त एक परिच्छेद. आत माझ्या हातून भांडी आपटली गेली. मुद्दाम नाही - की मुद्दामच.

१४ मार्च, शुक्रवार

ह्या चालीनं पुस्तक संपायच्या आत ती माणसं जाणार. सिनेमा त्याच्याही आधी उतरणार. म्हणजे पोरीला धड पुस्तक नाही, धड सिनेमा नाही. मला अर्धवट टाकलेलं काम बघवत नाही. दुकानात फोडलेलं खोकं कोणी तसंच ठेवलं तर माझं जेवण गोड लागत नाही. थोरल्याला म्हटलं, रविवारची तिकिटं काढ. तो एका पायावर तयार. सुनेनं तेवढं विचारलं - बाबांना चालेल? म्हटलं, त्यांचं मी बघते.

संध्याकाळी सगळे इथेच होते. मी सांगितलं, रविवारी ठिणगीला सिनेमाला नेतोय, तुम्हीही चला. हे शब्द शोधत राहिले. मग म्हणाले, "पुस्तक... आधी."

माझाच नियम मला! मी टेबल पुसत होते. हात न थांबवता म्हटलं, "अहो, तुमच्या चालीनं शेवट ऐकायला हिची नातवंडं यायची."

थोरला हसला. सून हसली नाही. हेही हसले, जरा उशिरानं.

बोलायला नको होतं. दुकानात गिऱ्हाइकांना फटकारून फटकारून जिभेला वळणच पडलंय. पण तिकिटं काढलेली होती.

१६ मार्च, रविवार

सिनेमा पाहून आलो. हे आले नाहीत.

खोटं कशाला लिहू - सुरुवात सुरेख आहे. शिडी आकाशात जाते तेव्हा थोरल्यानं माझं मनगट धरलं, शाळेत असताना धरायचा तसं, आणि बराच वेळ सोडलं नाही. दोरीवर वाळत घातलेले ठिगळाचे ढग बघून क्षणभर मीसुद्धा विसरले की मी गुडघ्याला पट्टा बांधून बसले आहे. सून मध्यंतरानंतर झोपली. तिनं पुस्तक वाचलेलं नाही, आणि घरातली सगळी कामं तीच करते, तेव्हा तिला माफ. गाण्याला दचकून उठली आणि विचारलं, हा घुबड हिचा कोण लागतो?

शेवट मात्र! पुस्तकात मुलीचं काम शिकून होतं, खाली उतरायचा दिवस येतो. घुबडमास्तर निरोप देत नाही. सुईवरची नजर न काढता रोज संध्याकाळी म्हणतो तेच म्हणतो - उद्या लवकर ये. ती उतरते. शिडी निघते. संपलं. एवढंच. आणि ह्यांनी ते वाक्य म्हटलं की आमची दोन्ही मुलं उशीत तोंड खुपसायची.

सिनेमात घुबड टाय फेकून रडतो, गातो, आणि मुलीच्या खांद्यावर बसून तिच्या घरी राहायला येतो! लोकांनी टाळ्या वाजवल्या. ठिणगीनंही. थोरला गाडीत म्हणाला, ठीक आहे, आजकालच्या मुलांना असंच लागतं. पण ते त्यानं स्वतःलाच सांगितलं.

१७ मार्च, सोमवार

चहानंतर ठिणगी नेहमीसारखी आली. हे पुस्तक उघडून बसले होते. तिनं मात्र सगळा सिनेमा सांगितला - शिडीपासून खांद्यावरच्या घुबडापर्यंत, गाण्यासकट, धापा टाकत. ह्यांनी सगळं ऐकलं. शेवटी ती म्हणाली, "आजोबा, आता तुम्हाला वाचायला नको. मला सगळं कळलं."

किती मायेनं म्हणाली! तिला वाटलं, आजोबांचा त्रास वाचवला.

हे म्हणाले, बरं. पुस्तक उचलून कपाटात ठेवलं. मी दारात उभी होते. मला बघून थांबायला आता काही उरलं नव्हतं.

२० मार्च, गुरुवार

धाकटीचा फोन. सिनेमा तिच्या गावीही लागलाय. रडून आली - दुःखानं नव्हे, संतापानं. म्हणे, ज्यानं तो शेवट लिहिला त्याला उलटं टांगून शिवायला हवं. म्हणे, घुबडाला कोणाचा तरी गुळगुळीत आवाज दिलाय, बाबांच्या घुबडाच्या नखाची सर नाही. मी हसले. मग तिनं विचारलं, वाचन कुठपर्यंत आलं? सांगितलं.

"नियम तू मोडलास, आई? तू?"

म्हटलं, अगं, पोरगी जाणार आहे, म्हणून नेलं. ती म्हणाली, जाणार आहे तर मुळीच न्यायचं नव्हतं. ह्याला काय अर्थ! दुकानात माणसं उभी आहेत असं सांगून फोन ठेवला. कोणी नव्हतं.

२२ मार्च, शनिवार

घुबडाचे टूथब्रश आले. टायसकट. हातोहात खपताहेत. मी मागच्या फळीवर टाकले.

२५ मार्च, मंगळवार

इतके दिवस वाचन नाही. आज दुकान लवकर बंद केलं. कपाटातून पुस्तक काढलं, ह्यांच्या हातात दिलं, समोर खुर्ची ओढून बसले. म्हटलं, वाचा, मी ऐकते. खूण जिथे होती तिथे उघडलं. एक ओळ वाचली. मी मध्ये एकही शब्द सुचवला नाही, हात मांडीखाली घालून बसले होते. पण हे वर बघून म्हणाले, "तुला... घाई."

राग नव्हता आवाजात. असता तर भांडता आलं असतं.

खुर्ची जागेवर ठेवली.

२९ मार्च, शनिवार

ठिणगीला गाठलं. परीक्षा संपलीय, खालच्या खोक्यांमध्ये दुकान दुकान खेळत होती. तिला म्हटलं, सिनेमातला शेवट खरा नाही, खरा वेगळाच आहे, जा, आजोबांना विचार. मला वाटलं, ऐकायच्या निमित्तानं पुन्हा बसेल.

धावत वर गेली, मी मागून. आजोबा, घुबड घरी येत नाही? खरं खरं सांगा.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग तिच्याकडे. तिच्या फ्रॉकला खोक्याची चिकटपट्टी लागली होती, ती सोडवत सोडवत म्हणाले, "येतो. तोच... शेवट."

ती उड्या मारत खाली गेली. मी ह्यांना विचारलं, असं का सांगितलंत? चिकटपट्टीची गोळी करत बसले.

५ एप्रिल, शनिवार

गेली. ठिणगी गाडीतून दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत होती. हे फाटकाशी उभे होते, मी ‘चला’ म्हणेपर्यंत आत आले नाहीत. खालच्या खोल्यांमध्ये बोललं की घुमतं.

१० एप्रिल, गुरुवार

थेरपीला जाणं बंद केलंय. सांगितलं नाही, नुसते जात नाहीत. चहा हवा असला तर कपाकडे बोट करतात. मी म्हणते, बोला, तोंडानं मागा, मग देते. पूर्वी ह्यावर डोळे वटारायचे. आज कप परत जागेवर ठेवला.

मग मीच चहा ओतून दिला.

१४ एप्रिल, सोमवार

दुपारी दुकानाला कुलूप लावून थेरपीवाल्या मुलीकडे गेले. पहिल्यांदाच. मला वाटलं होतं त्याहून लहान आहे, थोरल्याची वर्गमैत्रीणही शोभणार नाही. म्हटलं, ह्यांना समजावून परत आणते, पण मुळात सुधारणा काही नव्हतीच, घरी अर्धं पान वाचायला संध्याकाळ जायची.

ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, अर्धं पान? काका ते पुस्तक घेऊन यायचे ना. नात आली की काय वाचायचं ते आधी इथे वाचून बघायचे. सबंध पानच्या पान, जानेवारीपासून, क्वचितच अडखळत. घुबडाचा आवाजसुद्धा काढायचे, बाहेरचे पेशंट हसायचे. बदलीचं कळल्यावर तिनं विचारलं होतं, आता तर घरी भराभर संपवत असाल. तर म्हणाले -

"घरी पहिल्यापासूनच हळू वाचतो. आता ती जाईपर्यंत पुरवायचंय."