गॉन किलगोर यांचे चार मुलगे

पिट्सबर्ग, सोमवार, ३ ऑक्टोबर १८८७

ती. एझ्राकाका यांस,
जेनेटचा नमस्कार वि. वि.

काय घडले ते आधी क्रमाने लिहिते.

१. १२ सप्टेंबरला जिल्ह्याच्या इतिहासग्रंथाचा एजंट आपल्याकडे जेवायला होता. आपण त्याला किलगोर घराण्याची हकीकत सांगितली.

२. त्या ग्रंथातले नकाशे आमच्या कचेरीत काढले जातात. २९ तारखेला आपल्या शेताचा नकाशा माझ्या टेबलावर आला. त्याला आपल्या हकिकतीचे कच्चे छापील पान टाचलेले होते.

३. पानावर लिहिले आहे की आजोबा गॉन किलगोर हे शेतकरी, वंशाने स्कॉच-आयरिश, आणि त्यांचे वडील आयर्लंडातल्या अँट्रिमहून आले. हे बरोबर आहे.

४. त्यांना चार मुलगे झाले, असे पुढे आहे. हे अपुरे आहे. चार मुलगे आणि एक मुलगी झाली. मुलगी सर्वांत थोरली. तिचे नाव नॅन्सी, वय सत्तर, आणि ती आपल्याच घरात पूर्वेच्या खोलीत राहते.

५. १८३४ च्या हिवाळ्यात आजोबांनी पश्चिमेचे तीस एकर रान स्वतःच्या कुऱ्हाडीने तोडले, असे शेवटी आहे. हे चूक आहे. त्या ऑगस्टमध्ये कोठाराचा सांगाडा उभारताना ते खाली पडले आणि त्यांच्या मांडीचे हाड मोडले. पुढच्या मेपर्यंत ते अंथरुणावर होते. रान आत्याने तोडले, असे माझे वडील सांगत.

पान छापायला जाण्याआधी दुरुस्ती करता येते, पण त्यावर हकीकत देणाऱ्याची सही लागते. या घराण्यात ती सही आपली आहे. दोन्ही वाक्ये दुरुस्त करून पान परत पाठवावे. काकूंना नमस्कार.

आपली पुतणी,
जेनेट

*

सीडर फोर्क, सोमवार, १० ऑक्टोबर

चि. जेनेट हिस,
अनेक आशीर्वाद. ते देणं माझ्याकडे लागतं, म्हणून दिले.

तुझं पत्र शनिवारी आलं. रविवारी मी कागदाला हात लावत नाही, शहरात राहून तुला हे आठवत असेल तर. नमस्काराआधीचं ‘सप्रेम’ तू गाळलंस तेही पाहिलं. चष्म्यातून अजून स्वच्छ दिसतं मला.

पत्राला आकडे घालतात हे या वयात प्रथम पाहिलं. आम्ही मेंढ्यांच्या कानाला आकडे घालतो, काकाला नाही. तुझी काकू म्हणाली, हे पत्र जपून ठेवा, पोरीचं लग्न का जमत नाही असं कुणी विचारलं तर दाखवायला होईल.

आता तुझ्या आत्याचं. हा ग्रंथ जिल्ह्यातल्या प्रत्येक पाळकाच्या घरात जाणार आहे, आणि मी चर्चच्या मंडळीचा पंच आहे. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी आम्ही पंच शिशाचे बिल्ले वाटतो. ज्याच्या हातात बिल्ला नाही, तो मेजावर बसत नाही. नॅन्सीला अठरा वर्षं बिल्ला मिळालेला नाही. दावीदाची स्तोत्रं सोडून माणसांनी रचलेलं गाणं तिने चारचौघांत गायलं. पंचांपुढे उभं राहून चूक झाली एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हणाली. जिला मंडळीने मेजावरून उठवलं, तिला मी घराण्याच्या पानावर बसवू? कुठे गायली आणि कशासाठी, ते तिलाच विचार. मला तोंड विटाळायचं नाही.

राहिलं रान. तुझा बाप तेव्हा पाच वर्षांचा होता. पाच वर्षांच्या पोराच्या साक्षीवर तू माझ्या बापाच्या हातातली कुऱ्हाड काढून घ्यायला निघालीस. आणि देणार कुणाला, तर नॅन्सीला? ती डावखोरी. चमचा डाव्या हातात, सुई डाव्या हातात. अख्ख्या घराण्यात असला हात दुसरा नाही. आईने तो वर्षभर पाठीशी बांधून ठेवला होता, तरी खोड गेली नाही. तिने कुऱ्हाड उचलली असती तर ओकाची झाडं उभ्या उभ्या हसली असती.

माझी सही त्या पानावर झालेली आहे. तुला रेघा ओढायची नोकरी लागली आहे, तर रेघेच्या आत राहा. काकू सफरचंदाच्या मुरंब्याचं मडकं पाठवणार होती. आता राहू दे म्हणाली.

तुझा काका,
एझ्रा किलगोर

*

पूर्वेची खोली, सीडर फोर्क, गुरुवार, २० ऑक्टोबर

चि. जेनेट बाळ,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नांना आकडे होते म्हणून उत्तरांनाही घालायला बसले, पण दोनाच्या पुढे जमेना. तेव्हा सरळच लिहिते. अक्षर तिरकं आहे, तू ओळखतेसच. खोकला आहे, पण तो माझ्याआधीपासून या खोलीत राहतो असं मी एझ्राला सांगते, म्हणजे तो विषय बदलतो.

हो, रान मी तोडलं. सतरा वर्षांची होते. बाबांची खाट पश्चिमेच्या खिडकीशी होती. ते पडल्या पडल्या घाव मोजायचे आणि संध्याकाळी मला सांगायचे की तिसरं झाड तू चुकीच्या बाजूने धरलंस. एकदाही चुकले नाहीत. शाबासकी मात्र देत नसत. मक्याच्या लापशीत माझ्यापुरतं जास्त लोणी घालायला आईला सांगत, तीच शाबासकी.

तुला एक ठाऊक नसेल, कारण आता रान कुणी तोडत नाही. जी झाडं राखायची, त्यांवर तोडणाऱ्यानेच छातीइतक्या उंचीला एक खाच घालायची, म्हणजे मागून येणारा त्यांना हात लावत नाही. शेजारच्या हॉस्टेटरच्या हद्दीवरची ओकांची रांग मी राखली. बाबांनी बजावलं होतं की खाचा तरी उजव्या हाताने घाल, लोक बघतील. पहिल्याच झाडाला कुऱ्हाड पायावर येता येता राहिली. मग सगळ्या डाव्यानेच घातल्या. दोनतीन वर्षांत साल चढली आणि कुणी काही बघितलं नाही.

आता ते गाणं. एझ्राने तुला सांगितलं नाही हे त्याने बरं केलं असं वाटत होतं, पण तू विचारलंस. तुझी आई गाणी म्हणणाऱ्या मंडळीतली. तिच्या मातीला तिच्याकडचं कुणी पोचलं नाही, नदीवर बर्फ फुटत होता. तिने जाण्याआधी एक गाणं मागितलं होतं. आपली सगळी माणसं तोंड मिटून खड्ड्याभोवती उभी. तू सहा वर्षांची, माझा झगा धरून. मी गायले. तिन्ही कडवी. सूर लागला नाही, पण शब्द सगळे म्हटले. त्याच महिन्यात एझ्राने स्वतः ते पंचांपुढे नेलं. त्यांनी मला चूक झाली म्हणायला सांगितलं. मी घरी येऊन पुष्कळ विचार केला आणि मला चूक सापडली नाही.

ते छापील पान त्याने जेवणाच्या टेबलावर ठेवलं होतं, माझ्या ताटाजवळ. रानाचं जाऊ दे, बाळ. पण मला मूल नाही, बिल्ला नाही, आणि दगडावर नाव कोण घालील ते सांगता येत नाही. चार मुलगे आणि एक मुलगी, एवढं छापून आलं तर मला बरं वाटेल. त्यासाठी भांडू नकोस. भांडलीस तर हळू भांड, त्याचं डोकं लगेच तापतं.

माया आहेच, ती मागायला नको.
तुझी,
नॅन्सीआत्या

*

सीडर फोर्क, मंगळवार, १ नोव्हेंबर

जेनेट हिस,

शनिवारी तू हॉस्टेटरच्या घरी उतरलीस, करवत घेऊन आमच्या हद्दीवर गेलीस, एका उभ्या ओकाचं पोट कापलंस आणि आमच्या दाराला हातही न लावता गाडीने परत गेलीस. हे मला हॉस्टेटरच्या बायकोकडून चक्कीवर कळलं, दहा माणसांत. एकाने विचारलं, किलगोरांच्या पोरी आता लाकूडतोड्या झाल्या का. मी काय उत्तर द्यायचं?

तुझ्या बापाला मी खांदा दिला. तुझ्या शिक्षणाला या घराने कधी नाही म्हटलं नाही. त्याची ही परतफेड. तुला आत्याचा एवढा पुळका असेल तर ये आणि तिला तुझ्या शहरात घेऊन जा. पूर्वेची खोली माझ्या मुलाच्या लग्नानंतर लागणारच आहे.

याउपर पत्र आलं तर फोडणार नाही.

एझ्रा किलगोर

*

पिट्सबर्ग, सोमवार, १४ नोव्हेंबर १८८७

ती. एझ्राकाका यांस,
नमस्कार वि. वि. ‘सप्रेम’ याही वेळी लिहिलेले नाही, कारण ते खरे झाले नसते.

हे पत्र फोडले जावे म्हणून ते हॉस्टेटर आपल्या हाती देतील आणि आपण वाचेपर्यंत दारात थांबतील. त्यांनी स्वतःहून तसे कबूल केले आहे. सोबत पोत्यात लाकडाचा एक ठोकळा आहे. तो त्या ओकाचा आहे.

झाड हद्दीवरचे आहे, म्हणजे दोघांचे. हॉस्टेटर यांची परवानगी मी आधी लेखी घेतली, करवत त्यांच्या बाजूने घातली आणि करवतीचे दुसरे टोक त्यांनीच धरले. झाड जगेल. जखमेवर डांबर लावले आहे. जुन्या हद्दी ठरवताना आमच्या कामात असेच करतात. खुणेवर चढलेले लाकूड कापून काढायचे आणि त्यातली वलये मोजायची. वर्षाला एक वलय.

मी तीन वेळा मोजली. त्रेपन्न. हॉस्टेटर यांना आधी बावन्न आली, कारण एका दुष्काळी वर्षाचे वलय केसाइतके बारीक आहे. ते दाखवल्यावर त्यांचीही त्रेपन्न झाली. १८३५ पासून या वर्षापर्यंत वाढीचे त्रेपन्न हंगाम होतात. म्हणजे खाच १८३४ च्या पानगळीनंतर आणि पुढच्या वसंताच्या आधी घातली गेली. वर्ष आपण बरोबर सांगितले आहे.

आता हात. झाडासमोर उभ्या राहिलेल्या उजव्या हाताच्या माणसाचा घाव उजवीकडून डावीकडे उतरतो. या खाचेतले पाचही घाव डावीकडून उजवीकडे उतरले आहेत. वर चढलेल्या लाकडावर त्यांचा उलटा ठसा उमटतो, म्हणून मी तो ठसा धरलेला नाही, मूळ खाचच पाहिली आहे. आपण कोठारातली कुऱ्हाड आणून तिचे पाते खाचेला लावून पाहावे. आधी उजव्या हाताने, मग डाव्या. अख्ख्या घराण्यात असला हात दुसरा नाही, हे आपल्या १० ऑक्टोबरच्या पत्रातले वाक्य आहे. त्या वाक्यावाचून ही खाच कोणाची हे मला सिद्ध करता आले नसते. साक्षीदार आपणच आहात.

आजोबा अंथरुणावर होते की नव्हते, हे पंचांच्या पुस्तकात असेल. ऑक्टोबर १८३४ च्या प्रभुभोजनाला कोण आले नाही आणि का, हे त्यात लिहिलेले असते. ते पुस्तक मी पाहिलेले नाही. ते आपल्या कपाटात आहे.

आमच्या कचेरीचा नियम आहे की हद्दीवरच्या झाडाची खूण तपासली, तर तिची नोंद नकाशाच्या पानावर करायची. ती मी केली आहे. पांढरा ओक, खूण १८३४, डाव्या हाताची. नाव लिहिलेले नाही, कारण झाडावर नाव नाही. नकाशाचे पान आणि आपल्या हकिकतीचे पान ग्रंथात समोरासमोर येणार आहेत. चर्चमधली माणसे आत्याच्या शेजारी बसत नसली तरी तिचा हात कोणता हे त्यांना माहीत आहे. समोरच्या पानावर ‘स्वतःच्या कुऱ्हाडीने’ असे असेल की ‘थोरली मुलगी नॅन्सी हिच्या कुऱ्हाडीने’ असे असेल, ते आपण ठरवायचे आहे.

आत्याने दोन्हींतले एकच वाक्य मागितले आहे, मुलीचे. दुसरे मी मागते आहे. तिने मला भांडू नकोस असेही लिहिले होते. ते मी पाळलेले नाही.

तिला शहरात नेण्याचे आपण सुचवलेत. मी तिला विचारले. माझी खोली सत्तावीस पायऱ्यांवर आहे आणि आठवडाभर ती अंथरुणातून उठलेली नाही, हे आपल्याला माझ्याहून जवळून दिसत असेल. तिने कळवले आहे की आजोबांच्या मृत्युपत्रात पूर्वेची खोली, दाराशी फोडलेले सरपण आणि एका गायीचा चारा तिच्या हयातीपर्यंत लिहिलेला आहे, आणि ती जाणार नाही. मृत्युपत्राची नक्कल मी जिल्हा कचेरीतून आणली. तिचे म्हणणे अक्षरशः बरोबर आहे.

आईच्या मातीला मी होते. गाणे मला आठवत नाही. झगा आठवतो. तपकिरी, काठाला चिखल. गाणे कोणी म्हटले हे अठरा वर्षे मला कोणी सांगितले नाही, आणि त्या अठरा वर्षांत मी आत्याला एकूण अकरा पत्रे लिहिली. मी मोजली. हे आपल्याविरुद्ध नाही. हे देणे माझ्याकडे लागते.

दुरुस्त केलेले पान सोबत आहे. दोन्ही बदल लाल शाईत आहेत आणि सहीची जागा खाली आहे. सही करायची नसेल तर तसे एका ओळीत लिहावे. छपाई सोमवारी सुरू होते. सही केलेले पान किंवा आपला नकार, दोन्हींपैकी एक शनिवार, १९ नोव्हेंबरपर्यंत माझ्या हाती यावे.

माझ्यावर लोभ नसला तरी चालेल. पूर्वेच्या खोलीवर असावा.

जेनेट किलगोर