खालच्या दोरीवरचे अकरा लंगोट

३ ऑक्टोबर १९९४, सोमवार

अकरा! आज इन्शिराहच्या दोरीवर अकरा लंगोट. सगळे पुढच्या दोरीवर, ओळीने, चिमटेसुद्धा एकाच रंगाचे. मी वरून मोजले. वाकताना पोटाचे टाके ओढले गेले, तरी मोजले.

आमच्या गल्लीत बाईची पारख तिच्या दोरीवरून होते. दाखवायचं ते पुढच्या दोरीवर, झाकायचं ते मागच्या. माझ्या दोन्ही दोऱ्यांवर काय? रिफअतचे पायजमे आणि दोन टॉवेल. दुहा तेरा दिवसांची झाली, पण वरच्या मजल्यावर मूल आहे हे गल्लीला माझ्या दोरीवरून कळत नाही. कचऱ्याच्या पिशवीवरून कळतं.

डायपर रिफअतने आणले. ऑपरेशन झालंय, पिळायचं नाही, उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं म्हणून. बिचाऱ्याने चांगल्या मनाने आणले. आणि सासूबाई, आमच्या हज्जा तफीदा, पिशवी बघून काय म्हणाल्या? "प्लास्टिकात वाढवतेस होय गं पोरीला? खाली बघ जरा. नीळ घालून, उकळून — काय ते लंगोट! डोळे निवतात."

माझे नाही निवले.

इन्शिराह माझी जाऊ. माझ्यानंतर दोन दिवसांनी बाळंत झाली, तीही घरच्या घरी, तीन तासांत. वर मुलगा! याह्या. हिला सगळंच कसं सोपं जातं?

५ ऑक्टोबर

हज्जा दिवसभर खालीच. मला सकाळी कोंबडीचं सूप, की संपलं. खाली मेथीचं पाणी, सूप, शेक, मालिश. मी काही बोलले तर म्हणतात, "अगं, तिचा नवरा तिकडे जिद्दाला नोकरीला. तिला कोण आहे?"

मला आहे ना नवरा! रिफअत दिवसभर दुकानात असतो.

६ ऑक्टोबर

दोघींनी एकमेकींचं तोंड बघायचं नाही. चाळीस दिवस. दोन बाळंतिणी समोरासमोर आल्या की एकीचं दूध आटतं — मुशाहरा होतो. हज्जांनी जिन्यावरच खुर्ची टाकलीय पहारा द्यायला. त्यामुळे मला इन्शिराहचे फक्त हात दिसतात. कपडे वाळत घालायला बाल्कनीतून बाहेर येतात ते. जिद्दाच्या चार बांगड्या, किणकिण. कपडे वाळत घालताना कुणी सोनं घालतं का? मुद्दाम! वर मी आहे हे तिला माहीत आहे.

८ ऑक्टोबर

अकरा. पांढरेशुभ्र. एकावर छटासुद्धा नाही.

हज्जा आज माझ्या अंथरुणावर बसून याह्याचं कौतुक करत होत्या. "रडत नाही गं! बडीशेपेचं पाणी चमचाभर घेतो आणि झोपतो. राजा माणूस!" दुहा तेव्हा माझ्या खांद्यावर बेंबीच्या देठापासून रडत होती. हज्जांनी तिच्याकडे बघितलं आणि एक सुस्कारा टाकला. मग म्हणाल्या, "मोठे झाले की यांचं लग्नच लावून टाकू. तो सांभाळून घेईल हिला."

माझा जीव असा जळला! सांभाळून घेईल म्हणे. अठरा दिवसांची माझी पोर, आणि आत्ताच कुणीतरी तिला सांभाळून घ्यायचंय.

देवा, इन्शिराहच्या दोरीवर एक डाग दिसू दे. एकच! एवढंच मागणं आहे.

(हे लिहायला नको होतं. पण खोडणार नाही.)

१२ ऑक्टोबर

ठरलं! डायपर बंद. माहेरून आलेलं फ्लॅनेल फाडून नऊ लंगोट केले. रिफअत म्हणाला, "अगं सुहैर, टाके सुटतील." म्हटलं, सुटू देत. तो म्हणाला, "कुणाशी स्पर्धा चाललीय तुझी?" मी पुढचा तुकडा फाडला.

१३ ऑक्टोबर

उकळले. नीळ घातली. दोनदा घासले. तरी पिवळे! दुहाचा डाग दगडावरच्या रेघेसारखा, जात म्हणून नाही. मागच्या दोरीवर घातले, टॉवेलाआड.

पुढचं आणखी छान. नीट पिळता येईना, माझं पाणी टपटप खालच्या पांढऱ्या रांगेवर. हज्जा गल्लीत उभ्या राहून ओरडल्या, "अगं ए सुहैर! तिची मेहनत भिजवलीस! डोळ्यांत खुपतात का गं तिचे लंगोट?"

अख्ख्या गल्लीने माना वर केल्या. हो, खुपतात! पण मी आत पळाले.

खालून इन्शिराहचा आवाज आला, बारीक. "असू दे हज्जा. वाळतील."

वाळतील म्हणे. चांगुलपणाही हिच्याकडेच.

१५ ऑक्टोबर

भाजीची टोपली खाली सोडली होती. वर ओढली तर कांद्यांवर एक घडी केलेला लंगोट. तिचा! सोबत चिठ्ठी — "ताई, आधी थंड पाण्यात भिजवायचे, मग उकळायचे. तुमची, इन्शिराह."

शिकवते मला! दोन वर्षांनी लहान आहे माझ्याहून. लंगोट कपाटात कोंबला. हात पुसायलासुद्धा घेणार नाही.

१८ ऑक्टोबर

एक टाका पिकला. डॉक्टरांची बोलणी खाल्ली. पुन्हा डायपर. हज्जांनी पिशवी उचलून वजन बघितलं आणि त्या खाली गेल्या. तिला सांगायला गेल्या असणार.

खाली अकरा.

२२ ऑक्टोबर

दुहाला दवाखान्यात वजनाला नेलं. नर्स आडदांड, पण बरी. डायपर बघून ती नाक मुरडेल म्हणून मी आधीच बोलायला लागले — टाके होते, कापडाचे करून बघितले, डाग जात नाहीत.

ती म्हणाली, "डाग गेले नाहीत तर बरंच की! पोर खातेय-पितेय. दिवसाला किती ओले?"

"कधी सहा, कधी नऊ. काही नेम नाही."

"नेम नसतोच. सहाच्या खाली गेलं, की लगेच घेऊन यायचं. पोर कितीही शांत असू दे. शांत असेल तर आणखी लवकर."

दुहा चार किलो! रस्ताभर मी ताठ मानेने आले. दोरीवर नाही तर नाही, काट्यावर तरी माझी पोर दिसली.

२३ ऑक्टोबर

नर्सचं बोलणं डोक्यातून जात नाही.

नेम नसतोच. मग खाली रोज अकराच कसे? शुक्रवारी अकरा, पाऊस भुरभुरला त्या दिवशी अकरा. कुठलं मूल असं मोजून ओलं करतं?

कपाटातून तिचा लंगोट काढला. उजेडात धरला. डाग नाही. डागाची सावलीसुद्धा नाही. कोपऱ्यात दुकानाचा निळा शिक्का, जवळपास तसाच. तीन आठवडे वापरलेल्या लंगोटावर?

आणि तिचे हात! बांगड्या सकाळी कोपरापर्यंत घसरत होत्या. मी दहा दिवस बघतेय. माझं लक्ष सोन्याकडे.

२४ ऑक्टोबर

काल वही तशीच टाकून खाली गेले. घरातल्याच कपड्यांत, अनवाणी.

हज्जा खुर्चीवरून उठल्या, दोन्ही हात पसरून आडव्या. "वेड लागलं का? आठ दिवस उरलेत! दूध आटेल तिचं!"

"आटलंय, हज्जा! कधीच आटलंय!"

ओलांडून गेले त्यांना. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा.

इन्शिराह पलंगावर बसली होती. मला बघून तिने तोंड झाकून घेतलं नाही. याह्या मांडीवर — एवढासा! दुहाच्या निम्मा वाटावा असा. टाळू आत गेलेली, डोळे अर्धे मिटलेले, ओठ कोरडे. राजा माणूस! शांत कसला, रडायला त्राण नव्हतं त्याच्यात.

"किती ओले करतो?" मी विचारलं.

"दोन," ती म्हणाली. "काल एकच."

"आणि बाकीचे?"

"कोरेच भिजवून घालते." मग रडायलाच लागली. "हज्जा रोज येऊन सांगायच्या, वरचीची पिशवी भरली, वरचीची पिशवी जड झाली. माझं एवढंही भरत नव्हतं, ताई. तुमच्या पिशवीवर जळायचे मी. निदान दोरी तरी भरलेली दिसावी तुम्हाला."

मला! मला दिसावी म्हणून!

मी त्याला उचललं. माझा गाउन आधीच दुधाने भिजला होता. छातीशी धरला तर ओढेना. इन्शिराहने बोटाने थेंब थेंब त्याच्या ओठांवर सोडले. कितीतरी वेळाने त्याने एकदा ओढलं. मग आणखी एकदा. हज्जा दारात उभ्या होत्या.

मग रिफअतने टॅक्सी आणली. दवाखान्यात वजन केलं — जन्मला तेव्हापेक्षा कमी. सलाईन लावलंय. 

२५ ऑक्टोबर

हज्जांच्या मनात काय आहे ते मला माहीत आहे. माझ्याही मनात तेच आहे. आठ तारखेचं पान पुन्हा वाचलं. माझीच नजर लागली का?

मी रोज त्या लंगोटांकडे कशी बघायचे ते मलाच ठाऊक. देवा, लागली असेल तर माझ्यावर काढ. पोरावर नको.

२८ ऑक्टोबर

याह्याला घरी आणलंय. डब्याचं दूधही देतो आणि मीही पाजते. दुहा एका बाजूला, तो दुसऱ्या बाजूला. इन्शिराह मेथीचं पाणी पिऊन माझ्या शेजारी बसते आणि आमच्याकडे बघत राहते. ती नजर मी ओळखते. महिनाभर माझ्याच डोळ्यांत होती. म्हणून आज अर्ध्यातून काढून तिच्या छातीशी दिला. थोडं येतंय तिला. थोडं!

हज्जांनी बोटांवर मोजलं. पाच वेळा पोटभर पाजलं. म्हणजे दुधाचा भाऊ झाला दुहाचा, आणि दूधभावाशी लग्न लागत नाही. "गेलं लग्न," म्हणाल्या. मग चेहरा झाकून रडल्या.

३१ ऑक्टोबर

खालच्या दोरीवर आज एकच लंगोट. पुढच्या दोरीवर, बरोबर मधोमध. उकळलेला नाही, नीळ नाही. पिवळा डाग, तळहाताएवढा! हज्जा गल्लीत उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होत्या.

एकच मागितला होता मी. आला.