सुलाबाईच्या उशाचे बटण

मी, पुंजाराम धोंडीबा पगारे, वय चौसष्ट, धंदा वीजदुरुस्ती, राहणार नाशिकरोड, लिहून ठेवतो की शरीर थकले असले तरी माझे डोके ठिकाणावर आहे आणि हे मृत्युपत्र कोणी दबाव आणून लिहून घेतलेले नाही.

१. पुढच्या खोलीतले दुकान, हत्यारे व बटणांचे डबे मुलगी लताबाई हिला द्यावेत. संसार मोडल्यापासून दुकान तीच चालवते. बेलची बटणे दोन जातींची असतात. एक दाबून धरले तरच चालू, दुसरे दाबून धरले तरच बंद. दिसायला सारखीच. बॅटरी आणि छोटा दिवा लावून पारखल्याशिवाय ती बटण जोडत नाही.

२. माझी पत्नी कालकथित सुलाबाई हिची लुगडी व जोडवी लताबाईलाच. सुलाबाईचे उजवे अंग लुळे पडले तेव्हा मी हलक्या स्प्रिंगचे बटण शोधून तिच्या उशाशी बसवले. घंटा दुकानात. वाजली की मी आत जाऊन विचारी, "काय गं?" पुष्कळदा म्हणे, "काही नाही. आहात ना, ते पाहिलं."

१९८१ च्या उन्हाळ्यात मी लासलगावला मोटर दुरुस्तीला गेलो होतो. लताबाई तेव्हा सासरी होती. मुलगा जयराम अंबडच्या कारखान्यातून रात्रपाळी करून दुकानात झोपला होता. संध्याकाळी परतलो, तो अजून झोपलेलाच. आत जाऊन पाहिले, तर सुलाबाई मरण पावली होती. अंगठा बटणावर होता. बटण तपासले, ते चांगले होते. घंटेची तार स्क्रू सोडवून काढलेली होती. मी विचारले नाही, तो बोलला नाही. पाच वर्षे एका घरात जेवलो.

३. यंदा मी अंथरुणाला खिळलो. जयरामने माझ्या उशाशी बटण बसवले. ते दुसऱ्या जातीचे निघाले. जोडताच घंटा वाजत सुटली, थांबेना. तो कानांवर हात ठेवून खाली बसला.

"दादा, त्या दिवशी तार मीच काढली होती. आई झोपू देत नव्हती."

"माहीत आहे," मी म्हणालो. "बटण बदल."

राहते घर जयरामला द्यावे. लताबाईची हरकत नाही. माफ केले, एवढे लिहा, असे तो म्हणतो. खोटे लिहायचे नाही, म्हणून ते लिहिलेले नाही. माझ्या अंत्यविधीला त्रिशरण मात्र त्यानेच म्हणावे. आईच्या वेळी त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

मजकूर मला वाचून दाखवला. बरोबर आहे.

सही : पुंजाराम धोंडीबा पगारे

साक्षीदार, आमच्यादेखत सही केली :
१. चिमाजी राघो जाधव, शेजारी
२. सुमनबाई केदा साळवे, शिक्षिका

नाशिकरोड, १४ सप्टेंबर १९८६